मी केलेली नाचणीची आंबील

माझे मेहुणे तात्या यांनी आयुष्यात एकदाच दारू घेतली आणि ती मी केलेली होती. हे सांगायला मला नऊ वर्षं लागली.

निवृत्तीनंतर सोलापुरात मला तब्येतीचं वेड लागलं. रंगीत धान्यात अँटिऑक्सिडंट असतात, मधात आंबवून प्यायलं की माणूस म्हातारा होत नाही, असं मोबाइलवर कळलं. (मी तेव्हाच बासष्टचा होतो!) काळा तांदूळ आणि नाचणी शिजवली, मध-पाणी घातलं, मडक्याला फडकं बांधलं. बायकोने विचारलं तेव्हा दारू म्हणायचा धीर झाला नाही. म्हटलं, नाचणीची आंबील.

तीन आठवड्यांनी वेळ अमावस्या आली. त्या दिवशी आमच्याकडे सगळे शेतात जेवतात आणि आंबील पितात. दुधनीजवळ तात्यांच्या शेतात पोचलो, तर बायकोने भावासाठी माझंच मडकं आणलेलं! मी तोंड उघडेपर्यंत तात्यांचा पहिला पेला संपला होता.

तात्या माळकरी. गावच्या देवळातली वीणा त्यांच्याच गळ्यात असायची.

"दाजी, लई झ्याक झालीया की," ते म्हणाले.

माझ्या हातच्या पदार्थाचं पहिलंच कौतुक. मी गप्प बसलो. बाकीच्यांनी ज्वारीची आंबील घेतली. बहिणीने आणलंय म्हणून हे मडकं तात्यांनी एकट्याने संपवलं. चौथ्या पेल्यानंतर त्यांनी बैलाला साष्टांग नमस्कार घातला. सहाव्यानंतर जेवायला आलेल्या गावच्या सरपंचांच्या मांडीवर डोकं ठेवून अभंग धरला आणि मध्येच रडू लागले. सरपंचांनी वास घेतला. त्यांचा चेहरा उतरला.

त्याच आठवड्यात वीणा दुसऱ्याकडे गेली. तात्या देवळात दाराशी बसू लागले. मला त्यांनी कधी काही विचारलं नाही.

गेल्या महिन्यात मी त्याच देवळात, भजनानंतर, सगळ्यांसमोर उभा राहिलो आणि मडक्यापासून सगळं सांगितलं. मग सरपंच उठले, माझा हात धरला.

"मेव्हण्यासाठी सोताच्या तोंडाला काळं फासून घेणारा असा दाजी कुटं मिळतोय? पण हे खरं मानाया आमी काय खुळं न्हाय."

दाराशी तात्या खाली बघत होते. वीणा दुसऱ्याच्याच गळ्यात राहिली. मला मात्र नारळ देऊन शाल पांघरली. नको म्हणायला हवं होतं. मी ती खांद्यावर नीट करून घेतली.