मागे ऐकू येतंय का?

आमच्या चर्चच्या जुन्या पाळकसाहेबांबद्दल वार्षिक अंकासाठी दोन पानं लिहून द्या, असं मंडळीच्या चिटणिसांनी मला सांगितलं, तेव्हा त्यांचा माणूस चुकला असंच मला वाटलं. मी त्यांना तसं म्हणालोही. साहेबांचं लहानपण कुठे गेलं, ते पाळक कसे झाले, त्यांना जेवायला काय आवडायचं, यातलं मला काही माहीत नाही. त्यांच्या घरी मी दोनदा गेलो असेन, तेही पंख्याचं बटण बदलायला. मला माहीत होता तो फक्त त्यांचा आवाज. चिटणीस म्हणाले, "मग आवाजाबद्दल लिहा." म्हणून हे लिहितो आहे. बाकीच्यांना जास्त ठाऊक असेल, त्यांनी चुका सांभाळून घ्याव्यात.

माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. चर्चमधला माईक, भोंगे, अँप्लिफायर हे सगळं त्यामुळे आपोआपच माझ्या गळ्यात पडलं. शेवटच्या बाकामागे एक टेबल आणि एक स्टूल, ती माझी जागा. मला ती फार सोयीची होती. तिथे बसलं की कुणाला गाणं म्हणून दाखवावं लागत नाही आणि प्रार्थना सांगायलाही कुणी उठवत नाही. दर रविवारी साहेब माईकसमोर उभे राहायचे, कॉलर सारखी करायचे आणि विचारायचे, "मागे ऐकू येतंय का?" मी हात वर करायचो. इतक्या वर्षांत रविवारचं आमचं संभाषण एवढंच.

साहेबांना मंडळीत सगळे पाठीमागे 'धीरधरे' म्हणायचे. कारण उघड होतं. कुणाचं ऑपरेशन असो, कुणाचा मुलगा नापास होवो, कुणाची कंपनी बंद पडो, साहेब जायचे, खुर्चीच्या टोकावर बसायचे आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून म्हणायचे, "धीर धरा." शिवणकाम करणाऱ्या मावशी तर म्हणायच्या, "डॉक्टरच्या आधी साहेब येतात, म्हणजे काहीतरी गंभीर आहे म्हणून माणूस निम्मा तिथेच खचतो." मावशींच्या जिभेला धार होती. पण त्यांचे यजमान आजारी होते तेव्हा रोज डबा घेऊन जाणारे साहेबच होते, हेही त्याच सांगायच्या.

माझ्या बाबतीत मात्र साहेबांनी ते शब्द वापरले नाहीत. माझी बायको गेली तेव्हा मी दुकान बंद करून घरात बसलो होतो. लोक येत होते, जात होते. एके दिवशी सकाळी साहेब बगलेत एक जुना ट्रान्झिस्टर घेऊन आले आणि म्हणाले, "रेडिओवाले, हा बंद पडलाय. बातम्यांवाचून हिचा दिवस जात नाही. एवढं बघता का?" हत्यारं दुकानात होती, त्यामुळे दुकान उघडावं लागलं. ते समोर स्टुलावर बसून राहिले. मी मागचं झाकण काढलं, तर सेल उलटे घातलेले. मी ते सुलटे केले, रेडिओ सुरू झाला. साहेब म्हणाले, "अरे वा." मग म्हणाले, "उघडलंच आहे तर आता असू दे उघडं." आणि निघून गेले. सेल त्यांनी मुद्दाम उलटे घातले होते की खरोखरच चुकून, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. दुकान तेव्हापासून उघडं राहिलं, एवढं खरं.

आता मूळ गोष्टीकडे येतो. अँप्लिफायरच्या बटणाभोवती मी प्रत्येकाच्या आवाजासाठी एकेक खूण करून ठेवली होती. साहेबांची खूण लाल, नेलपॉलिशची. बटण तिथे नेलं की त्यांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत नीट यायचा. एका वर्षी उन्हाळ्यानंतर माझ्या लक्षात आलं की बटण लाल खुणेच्या पुढे न्यावं लागतंय. आधी थोडंसंच. मग दर रविवारी आणखी जरा. आवाज वाढवला की भोंगे शिट्टी मारायचे आणि कमी केला की मागच्या बाकांवरून माना वळायच्या.

कमिटीची सभा झाली. खजिनदार म्हणाले, मशीन म्हातारं झालं. मी काही बोलायच्या आत वायर बदलायचं ठरलं. वायर बदलली. काही फरक पडला नाही. मग भोंगे बदलले. नवे भोंगे इतके चांगले निघाले की पहिल्या बाकावरच्या बाईंची बांगडी वाजली तरी ती मागे ऐकू यायची, पण साहेबांचा शेवटचा शब्द काही यायचा नाही. एवढं झाल्यावर खजिनदारांनी शहाणपणा केला आणि कॉलरला लावायचा बिनतारी माईक मागवला. तोंडाजवळ राहील, प्रश्नच मिटला, म्हणाले. एकूण काय, आम्ही वायर, भोंगे, माईक सगळं बदललं, पण माणूस कुणाला दाखवला नाही.

नवा माईक लावून बघायला साहेब एका दुपारी आले तेव्हा चर्चमध्ये आम्ही दोघंच होतो. मला बोलायला जमत नाही, पण त्या दिवशी मी बोललो.

"साहेब, मशीनमध्ये काही बिघाड नव्हता."

"मग?"

"मला मशीनचंच कळतं, साहेब."

साहेबांनी माईक कॉलरवरून काढून माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "हिला एवढ्यात काही बोलू नका." बोलणारा मी कोण? पण त्या आठवड्यात साहेब कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. हे मला नंतर कळलं. घशात स्वरतंतूवर गाठ होती. ती काढून तपासायला पाठवल्याशिवाय ती कसली आहे ते सांगता येणार नव्हतं. बाईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, त्यांनी घरी सांगितलं, मंडळीत कुणालाच नाही. आमच्याकडे शेवटच्या प्रार्थनेआधी विनंत्या घेतात. ज्याची अडचण आहे त्याने आपल्या बाकावर उभं राहून ती आपल्या तोंडाने सांगायची आणि मग सगळ्यांनी मिळून त्यासाठी प्रार्थना करायची. इतक्या वर्षांत साहेबांनी स्वतःची विनंती कधी सांगितली नव्हती. विनंत्या घेणारे तेच, तेव्हा त्यात कुणाला वावगंही वाटलं नव्हतं.

त्यानंतरच्या रविवारी लोक येऊन बसले होते. उपासना सुरू व्हायला थोडा अवकाश होता. साहेब व्यासपीठाशेजारच्या लहान खोलीत होते. उपासनेआधी ते तिथे एकटे बसत. मी मशीन चालू केलं, तर भोंग्यातून बारीक कुरकुर येऊ लागली. नवी वायर, नवे भोंगे आणि तरी कुरकुर. मला राग आला. ती कुठून येते ते कळावं म्हणून मी आवाज वाढवला. कुरकुर मोठी झाली. आणखी वाढवला. कुठलाही मेकॅनिक हेच करतो. बटण जवळजवळ शेवटाला पोचलं तेव्हा त्या कुरकुरीचे शब्द झाले.

"...किती जणांना सांगितलं मी, बापा, धीर धरा म्हणून. कसा धरतात रे तो? मला तर कुठून धरायचा तेच सापडत नाही. उद्या गाठ काढणार. ती वाईट निघाली तर हिचं कसं होईल? आणि आवाजच गेला तर मी काय करू, मला दुसरं काही येत नाही. मला भीती वाटते. ही मी कुणाला सांगू? बरं, लोक आलेत. तू बघ."

माझा हात बटणावरच होता आणि तो हलत नव्हता. "तू बघ" झाल्यावर मी मेन स्विचच बंद केला. पहिल्या बाकावर साहेबांच्या बाई मान खाली घालून बसल्या होत्या. कुणी वळून माझ्याकडे बघितलं नाही, हे त्यांचे उपकार.

साहेब बाहेर आले. व्यासपीठावर उभे राहिले, कॉलर सारखी केली. मी घाईघाईने स्विच लावला. साहेबांनी नेहमीसारखं विचारलं, "मागे ऐकू येतंय का?"

माझा हात सवयीने अर्धा वर गेला आणि तिथेच थांबला. मावशी आपल्या बाकावरून म्हणाल्या, "सगळं ऐकू आलं, साहेब."

साहेबांनी आधी मावशींकडे बघितलं, मग कॉलरकडे. खोलीत जायच्या आधीच तिथे लावलेल्या नव्या माईकवरचा बारीकसा दिवा लागलेला होता.

"सगळं?" त्यांनी विचारलं.

"गाठीचंही आणि भीतीचंही," मावशी म्हणाल्या आणि उभ्या राहिल्या. "आज आधी विनंत्या घ्या, उपदेश मग बघू. माझी विनंती अशी आहे, की आमचे पाळक घाबरलेत."

साहेबांनी व्यासपीठाची कड धरली. मावशी खाली बसल्या नाहीत. त्या पुढे बोलल्या. "तुम्ही देवाला विचारलंत, धीर कसा धरतात. तो सांगेल तेव्हा सांगेल. मी माझं सांगते. आमचे हे दवाखान्यात होते तेव्हा मी धीरबीर काही धरला नाही. बाहेर बाकावर बसून लोकांच्या शर्टांना बटणं लावली. चार शर्टांची उलटी लागली. पण तुम्ही शेजारी येऊन बसायचात, म्हणून बसवलं तरी."

मग दुसऱ्या बाकावरून एक शिक्षक उठले, त्यांच्यामागून एक नर्स, मग एक टॅक्सीवाले. प्रत्येकाची विनंती तीच. साहेबांचा गळा. टॅक्सीवाल्यांनी विनंतीतच सांगून टाकलं की उद्या सकाळी गाडी दारात उभी राहील आणि त्यावर चर्चा नको. कुणीतरी हसलं, मग साहेबही हसले आणि हसता हसता त्यांना खाली बसावं लागलं. बाई उठून त्यांच्याशेजारी जाऊन बसल्या. त्या दिवशी उपदेश झालाच नाही. माझ्या आठवणीत तेवढा एकच रविवार असा.

ऑपरेशन झालं. साहेबांना बोलायला सक्त मनाई होती. तपासणीचा निकाल यायला वेळ लागणार होता आणि तो काळ आम्हा सगळ्यांनाच जड गेला. दुकानात गिऱ्हाईक आलं की मला वाटायचं, निरोप घेऊन आलं. एका संध्याकाळी खरंच बाई आल्या. त्यांनी आधी पाणी मागितलं, स्टुलावर बसून सगळा पेला संपवला आणि मग म्हणाल्या, "साधी गाठ आहे. वाईट काही नाही."

मी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. बाई म्हणाल्या, "डॉक्टर म्हणतात, फार बोलल्यामुळे होते अशी गाठ. मी लग्न झाल्यापासून सांगतेय, पण ते सांगायला डॉक्टर व्हावं लागतं ना, तेव्हा पटतं." मग पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "सध्या घरात भांडणं होतात, ती सगळी मीच जिंकते."

साहेब परत व्यासपीठावर उभे राहिले तेव्हा आवाज थोडा घोगरा होता आणि तो तसाच राहिला. मी लाल खुणेच्या शेजारी नवी खूण केली. उपदेश निम्मा झाला. डॉक्टरांनी गाठीबरोबर तोही कापला, असं मावशी म्हणाल्या, आणि डॉक्टरांना कुणी नावं ठेवली नाहीत. त्या पहिल्या रविवारी साहेब जे बोलले ते मला जवळजवळ तसंच आठवतं. ते म्हणाले, विश्वास असला की भीती वाटत नाही असं मी तुम्हाला पुष्कळदा सांगितलं असेल, ते मी परत घेतो. मला भीती वाटली आणि विश्वासही होता, दोघंही एकाच टॅक्सीत बसून दवाखान्यात आले. मी प्रार्थना एकाला सांगत होतो आणि ती ऐकली तुम्ही सगळ्यांनी. त्याने ऐकली ती अशीच ऐकली असेल, तुमच्या कानांनी. यावर मी पुष्कळ विचार केलाय आणि याहून जास्त मला समजलेलं नाही.

नंतर ते कुणाच्या घरी गेले की 'धीर धरा' म्हणत नसत. "बरोबर कोण येतंय?" असं विचारत. दवाखान्यात, कोर्टात, बँकेत, जिथे जायचं असेल तिथे. कुणी येणार नसेल तर स्वतः जात. 'धीरधरे' हे नाव त्यांना शेवटपर्यंत चिकटून राहिलं, ते मात्र गेलं नाही. त्यांनाही ते ठाऊक होतं असं आता मला वाटतं.

निवृत्त झाल्यावर ते मुलीच्या गावी राहायला गेले. तब्येत उत्तम आहे, बागेत पाणी घालतात आणि शेजाऱ्यांशी फार बोलतात, असं बाईंचं पत्र चिटणिसांना आलं आहे. जायच्या दिवशी आम्ही पुष्कळ जण सामान चढवायला गेलो होतो. लोक त्यांना भेटत होते, रडतही होते. मला पुढे जाऊन काही बोलायचं होतं, ट्रान्झिस्टरचंही विचारायचं होतं, पण मी मागेच उभा राहिलो. टेंपो सुरू झाला. साहेबांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाले. इंजिनाच्या आवाजात ते मला कळलं नाही. मी सवयीने हात वर केला.

"अहो, हात काय करताय," ते जरा जोरात म्हणाले, "पाण्याची बाटली द्या, पायरीवर राहिलीये."

मी ती उचलून धावत जाऊन दिली.

"झाकण घट्ट आहे ना?"

"आहे, साहेब."