झोपू न दिलेला काटा

उतू गेलेल्या दुधाचा करपट वास आला की मला तिसगावचं ते दूध संकलन केंद्र आठवतं, आणि डोकं पुन्हा फिरतं. तिथल्या वजनकाट्याचा ड्रायव्हर, म्हणजे काट्यावरचं वजन कॉम्प्युटरला कळवणारा प्रोग्राम, मी लिहिला होता. लाइट सारखी जायची, म्हणून बॅटरी वाचावी यासाठी कुणी दूध घालत नसलं की काटा आपोआप झोपेल अशी सोय मी त्यात केली. माझ्या टेबलावर, रिकामा असताना, तो शहाण्यासारखा झोपायचा, उठायचा. केंद्रावर मात्र काट्यावर कायम बादली, आणि झोपून उठला की तो बादलीचं वजन विसरून तीही दुधात धरायचा. रांगेतले शेतकरी खूश, केंद्र चालवणाऱ्या बाई भडकलेल्या. "साहेब, त्यो झोपतो कशाला? मी झोपते का हितं?" मी चडफडत नगरला आलो, चूक दुरुस्त केली आणि परत गेलो. बघतो तर बादलीची कडी सुतळीनं फिरत्या टेबलफॅनच्या मानेला बांधलेली. फॅन वळला की बादली हलायची आणि काटा जागा राहायचा. माप घेताना तेवढ्यापुरती बाई सुतळी सोडायच्या. फॅनही त्याच बॅटरीवर! "बाई, नीट झालंय आता, काढा ती सुतळी." "व्हय, पर माजा इस्वास न्हाई." पुढं एकदा सकाळी घरी दूध तापत ठेवलं होतं, तेवढ्यात त्यांचाच फोन आला. "साहेब, बॅटरी लई लवकर उतरती. तुमच्या प्रोग्राममधी काय तरी करा की." मी विचारलं, सुतळी? "ती हाय की." गॅसकडं माझं लक्षच राहिलं नाही.