निळ्या तोंडाचा ओंडका

गल्लीच्या टोकाला जी वखार होती तिच्यात ओंडका एकच होता, तरी तिला वखारच म्हणायचं असा मालकाचा हट्ट होता. पाटीसुद्धा तशीच रंगवून घेतलेली : 'सर्व प्रकारचं कठीण लाकूड मिळेल'. पाटीखाली थोड्या फळ्या, खुर्च्यांच्या पायांचे जुडगे आणि हातोड्यांच्या दांड्यांची एक टोपली असायची. पोटापुरती विक्री त्यांचीच व्हायची, पण कौतुकाने त्यांच्याकडे कोणी बघत नसे. अंगणाच्या मधोमध तो ओंडका आडवा पसरलेला होता. दोन माणसांनी हात धरले तरी कवेत मावणार नाही असा, आणि दोन्ही तोंडं निळ्याभोर तैलरंगाने रंगवलेली. येणाराजाणारा विचारायचा, "कधी कापणार?" मालक म्हणायचा, "वाळू दे अजून."

मालकाला सगळे खडूशेठ म्हणत. त्यातला शेठ थट्टेचा होता आणि खडू खरा. सॉ मिलमध्ये त्याची उभी हयात ओंडक्यांवर खडूच्या रेघा मारण्यात गेली. ओंडका आला की त्याच्याभोवती फिरायचं, कुठून कापला तर फळ्या नीट निघतील ते ठरवायचं, रेघ मारायची आणि बाजूला व्हायचं. पुढचं करवत बघून घेई. रेघ त्याची असे, लाकूड मात्र कायम दुसऱ्याचं. मिल बंद पडली तेव्हा बाकीचे नोकऱ्या शोधायला लागले. हा पठ्ठ्या घरी आला आणि बायकोला म्हणाला, "आता रेघ मारायची ती स्वतःच्या लाकडावर."

बायको शिवणकाम करायची. अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये तिचं मशीन होतं. त्या वेळी तिच्या तोंडात टाचण्या होत्या. एकेक टाचणी काढून उशीत खोचली आणि मग तिने विचारलं, "लाकूड ठेवणार कुठे?"

खडूशेठने शेडकडे पाहिलं. बायकोनेही पाहिलं. दोन दिवसांत शेड उतरली आणि मशीन स्वयंपाकघरात गेलं. गिऱ्हाइकांच्या कपड्यांना कांद्याचा वास यायला लागला. एक बाई तर तोंडावर म्हणाली, "तुमच्याकडचा झगा घातला की मला भूकच लागते बघा." बायको हसली. मग तिने मशीन ओट्यापासून हातभर लांब सरकवलं आणि तेवढ्यासाठी स्वतःची जेवायची जागा सोडली. तेव्हापासून ती दारात बसून जेवायची. म्हणायची, इथे वारा चांगला येतो.

तिच्या थोरल्या भावाला हे सगळं बघवेना. त्याचं मोठं गोदाम होतं, आणि मोठं गोदाम असलेल्या माणसाला दुसऱ्याचं भलं फार लवकर कळतं. तो आला, ओंडक्याला एक फेरी मारली आणि म्हणाला, "भावोजी, एका ओंडक्यावर कोणी धंदा करतं का? हवेत इमले बांधताय. माझ्याकडे रखवालदाराची जागा आहे. बसायला खुर्ची, वर पंखा. या वयात आणखी काय हवं?" जाताना त्याने बहिणीच्या हातात खाकी कापड ठेवलं. "माप तुला पाठ असेलच. गणवेश शिवून ठेव. लागणारच आहे."

बायकोने कापडाची घडी मशीनवरच्या फळीवर ठेवली. ती तिथेच राहिली. खडूशेठ पाणी प्यायला आत गेला की त्याला ती दिसायची.

आता त्या ओंडक्याची गोष्ट. गाठीला होतं नव्हतं ते सगळं घालून खडूशेठने तो आणला होता. क्रेनने तो अंगणात अलगद उतरवला, शेजारीपाजारी बघून गेले, आणि सगळे पांगल्यावर तो एकटा ओंडक्याच्या जाड तोंडापाशी बसला. तिथे बरोबर मधोमध अंगठ्याएवढा एक काळा ठिपका होता. असे ठिपके त्याने शेकड्यांनी पाहिले होते. कधी तो नुसता डाग असतो, आणि कधी त्याच्या मागे अशी पोकळी असते की हात घातला तर खांद्यापर्यंत जावा. कुठला ठिपका कसला, हे करवत लागल्याशिवाय कळत नाही. दुसऱ्याच्या ओंडक्यावर असा ठिपका दिसला की तो खुशाल ओरडून सांगायचा. इथे ओरडून सांगणार कोणाला?

मशीनच्या टेबलाला दिलेला निळा रंग घरात उरला होता. ऊन लागून तडकू नये म्हणून ओंडक्याच्या तोंडांना रंग देतातच, त्यात वावगं काही नाही. त्यानेही दिला. पण एक हात पुरतो तिथे त्याने तीन हात दिले. शेवटचा हात देताना तो स्वतःशीच पुटपुटला, झाकली मूठ सव्वा लाखाची. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थांबत नाही ही म्हणही त्याला पाठ होती, पण त्या दिवशी ती आठवली नाही.

एकदा रंग बसल्यावर त्याचं मन मोकळं झालं. दुपारी अंगणातल्या झाडाची सावली ओंडक्यावर यायची. खडूशेठ चप्पल काढून वर चढायचा आणि उताणा पडायचा. साल उन्हाने कोमट झालेली असायची. थोड्या वेळाने तो कुशीवर वळून सालीला कान लावायचा, आणि मग डोळे मिटता मिटता ओंडका पानापानाने उघडायला लागायचा. आतून तांबूस लाकूड, त्यावर नदीच्या तळाशी वाळूवर दिसतात तशा लाटा. त्या फळ्यांचा एक जिना व्हायचा, आणि त्याच्या कठड्यावरून हात फिरवत कोणीतरी सावकाश वर जायचं. कधी एक दार व्हायचं, ते उघडलं की पुढे दुसरं, त्याच्यापुढे तिसरं, आणि प्रत्येक दारात तोच कोवळा वास. एक लांब टेबल मात्र पुन्हापुन्हा यायचं. त्याच्यावर खिडक्यांचं ऊन पडलेलं असायचं आणि माणसं मान खाली घालून वाचत असायची. कुणालाच कसली घाई नव्हती. अशा वेळी त्याला लांबून एक पक्षी ऐकू यायचा : टक, टक, टक. मग एकदम हलका, ढब. पुन्हा टक. हा कुठला पक्षी, असा विचार करता करता तो झोपून जायचा.

स्वयंपाकघर दुपारी तापायचं म्हणून बायको काजं-बटणांचं काम घेऊन ओंडक्याच्या आडोशाला येऊन बसायची. सुई टोचू नये म्हणून बोटात पितळी अंगुस्ताना असायचा.

स्वप्नं बघावीत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ती लोकांना सांगत सुटू नये. खडूशेठने टेबलाची गोष्ट त्याच्या दोस्ताला, मिस्त्रीला सांगितली. असा हातभर रुंद, एकसंध, दहा फुटी फळा निघेल म्हणाला. मिस्त्री चांगला सुतार होता आणि शब्दाचा पक्का होता. अशा माणसाला काही सांगताना जपावं लागतं, कारण तो विश्वास ठेवतो. महिनाभराने तो सकाळीच येऊन उभा राहिला.

"खडूशेठ, नव्या ग्रंथालयाच्या वाचनखोलीचं टेबल मला मिळालंय. एका फळ्यातलं. तुमचं नाव सांगून आलोय."

"अजून जरा वाळू दे की, मिस्त्री."

"काय वाळायचंय? लाकूड की रंग?"

मिस्त्री निळ्या तोंडापाशी वाकला, रंगावर नख मारून पाहिलं आणि सरळ उभा राहिला. "हे बघा, वाळवायचं काम मी फळा करून माझ्या पद्धतीने करीन. परवा कापा. नाही मिळाला तर मी तिथे तोंडावर पडेन, आणि पुन्हा या वखारीची पायरी चढणार नाही. रागाने नाही म्हणत. सांगून ठेवतो."

मिस्त्री गेला तर बाकीचे सुतार येणार नव्हते, आणि सुतारच आले नाहीत तर वखार कशाची? त्या दुपारी खडूशेठ ओंडक्यावर चढलाच नाही. आत जाऊन त्याने फळीवरची खाकी घडी उतरवली, उलगडून छातीशी धरली आणि भिंतीवरच्या आरशात पाहिलं. आरशात बायकोही दिसली.

"बरा दिसतो का गं हा रंग?"

"माप घेऊ?" तिने विचारलं.

"परवा ओंडका कापून आलो की घे," तो म्हणाला. मग त्याने कापडाची घडी केली आणि पुन्हा फळीवर ठेवून दिली.

तिसऱ्या दिवशी ट्रक आला. ओंडका चढवून झाल्यावर खडूशेठ केबिनमध्ये बसायला गेला तर बायको आधीच आत बसलेली. चांगली साडी नेसून, मांडीवर पिशवी घेऊन. एवढ्या वर्षांत ती कधी मिलमध्ये आली नव्हती. तू कशाला, असं विचारायचा त्याला धीर झाला नाही.

मिल दुसऱ्याची, माणसं अनोळखी, पण भुशाचा वास तोच होता. ओंडका रुळांवर घेतला आणि करवतवाला म्हणाला, "मारा रेघ." खडूशेठने खिशातून खडू काढला आणि जाड तोंडापाशी उभा राहिला. ज्या रेघेसाठी त्याने वखार काढली, जिच्यासाठी बायको दारात बसून जेवली, ती रेघ त्याला मारता येईना. खडू ओंडक्याला टेकायचा आणि हात जागेवरच थांबायचा. करवतवाल्याने घड्याळाकडे पाहिलं.

"अहो, जरा सरका," बायको म्हणाली.

ती ओंडक्याच्या कडेने चालत गेली, वाकली आणि सालीवरची धूळ पदराने पुसली. तिथे खालच्या अंगाला, कापडावर मारतात त्या शिंप्याच्या खडूची एक गुलाबी फुली होती. खडूशेठने ती कितीदा पाहिली होती. कुणाच्यातरी पोराने गिरवलंय असं समजून सोडून दिली होती.

"इथपर्यंत पोकळ आहे," ती करवतवाल्याला म्हणाली. "इथून पुढे भरीव. आधी इथे आडवा कापा. मग पलीकडे हे रेघ मारतील."

"तुम्हाला कसं कळलं, बाई?"

तिने पिशवीतून अंगुस्ताना काढून बोटात घातला आणि सालीवर वाजवत निघाली. ढब, ढब, ढब. फुली आली. टक.

"मडकं नाही का वाजवून घेत? तसंच," ती म्हणाली.

खडूशेठ ऐकत उभा राहिला. हा पक्षी त्याच्या ओळखीचा होता.

करवत आडवी फिरली. निळ्या तोंडाचा तुकडा सुटून बाजूला पडला, रंगाखालचा ठिपका फुटून तिथे भोक पडलं आणि त्याच्या पोटातून तपकिरी, मऊ भुकटी कितीतरी वेळ गळत राहिली. आत अंधार होता. खडूशेठने हात घातला तो खांद्यापर्यंत गेला. मग त्याने भीतभीत उरलेल्या ओंडक्याकडे पाहिलं. तिथलं तोंड तांबूस आणि घट्ट होतं, मध्ये तिळाएवढा ठिपका तेवढा उरला होता. त्याने खडू टेकवला. रेघ एका दमात गेली.

फळा निघाला तो स्वप्नातल्यासारखा नव्हता. रंग जास्त गडद होता, एका बाजूला गाठ होती, आणि लांबी नऊच फूट भरली. मिस्त्री आला, टेप लावला, पुन्हा लावला. "फूटभर कमी आहे, शेठ."

"निळ्याखाली पोकळ निघालं," खडूशेठ म्हणाला. "ठिपका मी पहिल्याच दिवशी पाहिला होता. वर रंग मारला."

मिस्त्रीने फळ्यावरून तळहात फिरवला. गाठीपाशी हात थांबला, तिच्याभोवती फिरला, पुढे गेला. त्याच्या चेहऱ्यावरचा ताठा उतरला. "दोन खुर्च्या कमी लागतील," तो म्हणाला. "लोक थोडे चिकटून बसतील. पण पुढच्या ओंडक्याचं तोंड मला रंगाआधी दाखवायचं."

पुढचा ओंडका. खडूशेठला तो शब्द घरी पोचेपर्यंत पुरला.

परतताना ट्रकमध्ये त्याने बायकोला विचारलं, "तुला कधीपासून माहीत होतं?"

"आणला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?"

ती खिडकीबाहेर बघत होती. "तुम्ही त्याच्यावर झोपायचात. लग्न झाल्यापासून तुम्हाला दुपारचं झोपलेलं मी पाहिलं नव्हतं. झोपेत हसायचात. म्हटलं, ओंडका काय, कधीतरी कापायचाच आहे." थोड्या वेळाने ती म्हणाली, "आणि रंगाचंही कळलं होतं. माझ्या टेबलाला एक हात देताना केवढी कुरकुर, आणि त्याला तीन?"

खडूशेठला रडू आलं. त्याने खडूच्याच हाताने डोळे पुसले, आणि गल्लीत उतरला तेव्हा त्याचं तोंड पांढरंफटक झालं होतं. शेजाऱ्यांना वाटलं, धंदा बुडाला.

अंगणात ओंडक्याची जागा रिकामी होती, तिथलं गवत फिकट पडून जमिनीला चिकटलं होतं. खडूशेठने जुने पत्रे काढले, तिथेच शेड उभी केली आणि मशीन स्वयंपाकघरातून उचलून तिच्यात ठेवलं. उरलेल्या फळ्या, वारा लागून वाळाव्यात म्हणून मध्ये पट्ट्या घालून, भिंतीकडे रचल्या. पोकळ तुकडा फाटकाशी ठेवला, तोंड रस्त्याकडे करून. गिऱ्हाइकाने विचारलं की तो आधी त्याचीच गोष्ट सांगायचा आणि मग लाकूड दाखवायचा.

आठवड्याभराने, दुपारी फळ्या मोकळ्या करताना त्याला मागे जाड कापडावर कात्री चालल्याचा आवाज आला. तो वळला. बायको खाकी कापत होती. न मोजता, सरळ. त्याच्या हातातली पट्टी हातातच राहिली.

"अगं, मिस्त्रीने पुढच्या फळ्या सांगितल्यात," तो हळूच म्हणाला. "तुझ्या दादाकडे जायचंय का मला अजून?"

तिच्या तोंडात टाचण्या होत्या. तिच्या पायाशी एक पोतं होतं, मिस्त्रीने पाठवलेलं, आणि त्यात टेबलावर रंधा मारून निघालेल्या तांबूस, कुरळ्या ढलप्या होत्या. तिने खाकीच्या दोन तुकड्यांना तीन बाजूंनी शिलाई मारली, आत मूठमूठ ढलप्या भरल्या, चौथी बाजू शिवली आणि उशी रचलेल्या फळ्यांवर, झाडाची सावली येते तिथे ठेवली.

खडूशेठने उशीवर हात दाबून पाहिला. तोच वास होता.

"आणि दादाला काय सांगणार?"

तिने एकेक टाचणी काढून खोचली. "सांगेन, माप बसलं नाही."