परदेशी डिरेक्टरीतला दादा

शारजातल्या आमच्या ऑफिसात इंटरनेट यायच्या आधी एक मोडेम आला. आमची समुद्रमार्गे माल पाठवणारी छोटी कंपनी. युरोपच्या बंदरात कुठला कंटेनर पोचला आणि कुठला अडकला हे कळावं म्हणून टेलिफोन खात्याकडून डेटा लाइन घेतली होती. मोडेमवरून इथलाच एक नंबर लावायचा. मोडेम किंचाळायचा. मग काळ्या स्क्रीनवर आपलं खातं, पासवर्ड आणि ज्या देशातल्या ज्या कॉम्प्युटरशी बोलायचं त्याचा लांबलचक आकडा टाकायचा. त्यातला एक आकडा चुकला की पुन्हा पहिल्यापासून. मी खरं तर हिशेब बघणारा माणूस, पण आमच्या लेबनीज मॅनेजरला टायपिंगचा कंटाळा, त्यामुळे हे लोढणं माझ्या गळ्यात पडलं.

एकदा त्याला फ्रान्समधल्या एका गिऱ्हाइकाचा फोन नंबर हवा होता. त्याने मला एक नवा आकडा टाकायला सांगितला. स्क्रीनवर एकेक ओळ उमटत गेली आणि समोर फ्रान्सची टेलिफोन डिरेक्टरी उघडली. अख्ख्या देशाची. गावाचं नाव आणि माणसाचं आडनाव टाकलं की पत्ता आणि नंबर हजर. मॅनेजर आपला नंबर लिहून घेऊन चहा प्यायला गेला. मी मात्र खुर्चीतून उठलो नाही, कारण माझा थोरला भाऊ फ्रान्समध्ये हरवला होता.

दादा बोटीवर होता. आमच्या रत्नागिरीकडे घरटी एक माणूस बोटीवर असतो, त्यात नवल काही नाही. मार्सेय बंदरात तो खाली उतरला आणि बोट सुटायच्या वेळेला परत आला नाही. बोटवाल्यांनी घरी कळवलं की तुमचा माणूस पळाला. पुढे त्याची दोन पत्रं आली, दोन्हींत पत्ता नव्हता. मग पत्रंही थांबली. तेव्हा त्याच्या लग्नाला जेमतेम दीड वर्ष झालं होतं. मूलबाळ नव्हतं. वहिनी आमच्याच घरी राहिली, आईचं दुखलंखुपलं बघत, सकाळी गावातल्या बालवाडीत शिकवत. हळदीकुंकवाला तिला बोलवावं की नाही, हे गावातल्या बायकांना कधी ठरवता आलं नाही. काही बोलवायच्या आणि कुंकू लावताना नजर चुकवायच्या.

आमच्यात माणूस बारा वर्षं बेपत्ता राहिला की दर्भाचा पुतळा करून त्याचं क्रियाकर्म करतात. ती मुदत भरत आली होती. आमचे काका म्हणजे घराण्याचे बिनपगारी यमदूत. त्यांनी भटजींशी बोलणंही करून ठेवलं. पितृपक्षाआधी उरकून टाकू म्हणाले. आईने अंथरूण धरलं. माझा मुलगा जिवंत आहे, मला आतून कळतं, असं ती येईल त्याला सांगायची. मी डिरेक्टरीचं सांगायला फोन केला तेव्हा वहिनीने एवढंच म्हटलं की भाऊजी, काय ते एकदाचं कळू दे. मला वाटलं, बिचारीचा जीव टांगणीला लागलाय. दादा सापडला तर आईचा मुलगा वाचेल आणि वहिनीचं कुंकू वाचेल, इतकं सरळ गणित माझ्या डोक्यात होतं.

तेव्हा आम्हाला गुरुवारी अर्धा दिवस असायचा. सगळे यल्ला यल्ला करत निघून गेले की मी मोडेमसमोर बसायचो. मॅनेजरने परवानगी दिली होती, दहा मिनिटांची, कारण लाइनचं बिल मिनिटावर चढायचं. ती डिरेक्टरी एका वेळी सगळा देश दाखवत नसे, एकेक जिल्हा विचारावा लागे. मी मार्सेयपासून सुरुवात केली. आमचं आडनाव टाकायचो आणि मशीन जवळपासची फ्रेंच आडनावं समोर करायचं. हा नको, तो घे, अशा थाटात. मला त्या मशीनचा भयंकर राग यायचा. जिल्ह्यामागून जिल्हे संपत होते आणि आमच्या आडनावाचा एक माणूस त्या देशात निघत नव्हता.

घरी बायको दिरहॅमचे रुपये करून दाखवायची. एवढ्या पैशांत तुमचं मुंबईचं तिकीट निघालं असतं, म्हणायची. तिचं चूक नव्हतं, अर्धं बिल मीच भरत होतो. अल मजाजच्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवताना दुसरा विषयच उरला नव्हता. एकदा मुलीने ताटातून मान वर न करता विचारलं, "बाबा, व्हाय डझन्ट ही कॉल अस?" मी तिला ओरडलो.

उजेड पडला तो ड्रायव्हिंग लायसन्सच्या ऑफिसात. नूतनीकरणासाठी रांगेत बसलो होतो आणि खिडकीतल्या माणसाने मला हाक मारली ती माझं नाव आणि वडिलांचं नाव घेऊन. इथली रीतच तशी, स्वतःचं नाव, मग बापाचं, मग आजोबाचं. आडनावाला कोणी विचारत नाही. आपण लहानपणापासून मधलं नाव म्हणून बापाचं नाव लावतो, ते इथे सरळ आडनाव होऊन बसतं. इतकी वर्षं मी या प्रकारावर चिडत आलो होतो. त्या दिवशी खिडकीपाशी उभा राहिलो आणि वाटलं, दादालाही कुठल्यातरी खिडकीत असंच कोणी विचारलं असेल. ज्याला मागचं पुसायचंय तो आडनाव कशाला सांगेल?

पुढच्या गुरुवारी मी आडनावाच्या जागी वडिलांचं नाव टाकलं. मार्सेयमध्ये नाही. त्याच्या शेजारच्या जिल्ह्यांत नाही. लिऑनला मात्र एक ओळ आली. वडिलांचं नाव, त्यापुढे दादाचं नाव, एक रस्ता, एक नंबर. मॅनेजर त्या दिवशी उशिरा जायला निघाला होता, तो मागे येऊन उभा राहिला आणि पत्ता मोठ्याने वाचून दाखवला. अलहमदुलिल्ला म्हणाला. वडील तोवर गेले होते, आणि ते गेल्याचं दादाला कळायला काही मार्ग नव्हता. आडनाव टाकून, आईला टाकून, बायकोला टाकून हा माणूस वडिलांचं नाव तेवढं दारावर लावून जगत होता. मला रडू आलं, रागही आला, आणि दोन्हींतलं कुठलं जास्त ते कळेना.

शुक्रवारी, तिकडे दुपारच्या जेवणाची वेळ असेल असा अंदाज धरून घरून फोन लावला. बायको शेजारी बसली होती. मी काय काय बोलायचं ते मनात रचून ठेवलं होतं. वडील गेले, आई अंथरुणाला खिळली, बारावं वर्ष भरतंय, एक पत्र तरी टाक. पलीकडे रिंग वाजली आणि एक पुरुषाचा आवाज काहीतरी फ्रेंच बोलला. आवाज जाड झाला होता, पण त्याचाच होता. माझं रचलेलं सगळं पार उडालं. आमच्या घरात कोणी दारात येवो नाहीतर फोनवर, पहिला प्रश्न एकच असतो, तोच तोंडातून निघाला.

"दादा, जेवलास का?"

"हो," तो म्हणाला. मग म्हणाला, "तू?"

मराठीत. जसा काही मी बाजारातून परत आलो होतो. मागे ताटल्या वाजत होत्या, एक बाई त्याला काहीतरी विचारत होती. मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि फोन ठेवल्याचा आवाज आला. लाइन कट झाली असेल, असं बायको म्हणाली. मीही तसंच धरून चाललो. पुन्हा लावला, वाजत राहिला. शनिवारी लावला, वाजत राहिला. आणखी काही दिवसांनी वाजणंही बंद झालं आणि एक ठरीव फ्रेंच वाक्य ऐकू यायला लागलं. मॅनेजरला फ्रेंच येत होतं, त्याला ऑफिसातून ते ऐकवलं तेव्हा तो म्हणाला की हा नंबर आता चालू नाही.

गुरुवारी मी पुन्हा डिरेक्टरी उघडली. लिऑन, वडिलांचं नाव, दादाचं नाव. उत्तर आलं की असं कोणी नाही. मला वाटलं माझाच आकडा कुठेतरी चुकला. पुन्हा टाकलं. शेवटी मॅनेजरने खुर्ची ओढली आणि मला समजावलं की त्या देशात पैसे भरून आपलं नाव डिरेक्टरीतून काढून टाकता येतं. नवा नंबर घ्यायचा आणि तो कुणालाही देऊ नका म्हणून सांगायचं.

"खलास, हबीबी," तो म्हणाला. "युवर ब्रदर इज नॉट लॉस्ट."

दादाने घर बदललं नसावं, देशही नाही. फक्त माझा फोन त्याच्यापर्यंत पोचू नये एवढी व्यवस्था केली होती. पत्ता माझ्याकडे होता, पण त्यावर पत्र टाकण्यात आता अर्थ उरला नव्हता. तो मेला असता तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटलं. आजही तसं वाटल्याची मला लाज वाटत नाही. मोडेम बंद केला आणि त्या लाइनला मी पुन्हा माझ्या कामासाठी कधी हात लावला नाही.

घरी सांगणं भाग होतं, कारण काकांनी दिवस ठरवला होता. तोंडदेखलं काही सांगून वेळ निभावून न्यावी, असा विचार आलाही. पण जिवंत माणसाचा पुतळा जाळू द्यायला मन धजेना. उशाशी ठेवलेला फोन आईनेच उचलला. दादा जिवंत आहे, मी त्याचा आवाज ऐकला, असं मी सांगितलं. तो बोलला का, तिने विचारलं. मी म्हटलं, हो, जेवलास का विचारलं, तर हो म्हणाला. पुढचं सांगायच्या आत आई रडायला लागली, मग हसायला लागली. मुलगा जेवलाय, एवढ्यावर तिचं भागलं. मग तिने वहिनीला हाक मारली.

वहिनीला मी सगळं सांगितलं. ताटल्या, ती बाई, काढून टाकलेलं नाव. तिने मध्ये एकदाही काही विचारलं नाही.

"वहिनी?"

"ऐकतेय," ती म्हणाली. "भाऊजी, तेरावं झालं की मी माहेरी जाणार होते. भावाने चिपळूणला शाळेत माझ्यासाठी शब्द टाकला होता. खोलीसुद्धा बघितली होती."

मी म्हटलं, मग जा ना वहिनी, तुम्हाला कोण अडवणार आहे.

"नवरा जिवंत असताना? आईंना टाकून?" तिच्या आवाजात राग नव्हता. "गाव काय म्हणेल ते सोडा, मलाच जमायचं नाही. तो मेलाय असं मी मनाशी कधीच धरलं होतं. तुम्ही शोधलं नसतंत तर बरं झालं असतं."

मग तिने मुलीची चौकशी केली, तुमचं बिल वाढतंय म्हणाली. मागे आई कुणाला तरी पेढे आणायला पिटाळत होती, आणि वहिनीने फोन हातात धरूनच तिला डब्यातले पैसे कुठे आहेत ते सांगितलं.