एका घराला एकच डबा

मोमिर चुरचिचकडे बटाट्याचा माणूस होता, अंड्यांचा माणूस होता, मधाचा माणूस होता आणि आलुबुखाराच्या दारूचा तर एक शेलका माणूस होता. मोरावा नदीकाठच्या त्या शहरात कुणाची पत जोखायची तर त्याचं घर, गाडी बघत नाहीत. त्याच्याकडे माणसं किती आहेत ते बघतात. ‘टोमॅटो कुठून आणलेस?’ या प्रश्नाला जो दुकानाचं नाव सांगतो, तो एक तर नुकताच बदली होऊन आलेला असतो, नाही तर त्याच्या घरी काही तरी बिनसलेलं असतं. ‘माझ्या माणसाकडून’ हे योग्य उत्तर. माणसाचा पत्ता विचारणं असभ्य, आणि विचारल्यावर सांगणं मूर्खपणाचं.

पोटापाण्यासाठी मोमिर लोकांना गाडी शिकवायचा. आयुष्यभर तो दुसऱ्याच्या हातात चाक देऊन शेजारी बसला आणि वेळ आली की ब्रेक दाबत आला. संसारातही त्याचा कारभार साधारण असाच होता. सुपरमार्केटमध्ये तो फक्त उन्हाळ्यात जायचा, थंड हवा खायला. विकत काही घ्यायचं तिथे त्याच्या मनातही येत नसे.

बाकीची माणसं मोमिरने स्वतःच्या हिमतीवर जोडली होती. कायमाकवाली स्तोयांका मात्र बायकोकडून आलेली. सासूने लग्नात जे काही दिलं त्यातलं शिलाई मशीन मोडलं, गालिचा विटला, स्तोयांका टिकली. कायमाक म्हणजे तापवलेल्या दुधावरची जाड साय, थरावर थर देत, मिठात मुरवलेली. स्तोयांका ती लाकडी डब्यांत भरून दर शनिवारी डोंगरावरून मंडईत आणायची. गाई तीनच, त्यामुळे डबे मोजके, आणि प्रत्येक डबा एकेका घराला बांधलेला. एका घराला एकच डबा. नवं घर घ्यायचं तर जुनं एखादं रिकामं व्हायला हवं. म्हणजे तिथलं शेवटचं माणूस मरायला हवं किंवा व्हिएन्नाला जायला हवं. स्तोयांका दोन्हींसाठी एकच शब्द वापरायची: ‘गेले’.

मोमिर आणि नेवेन्का यांचा संसार भांडण न होता संपला. मूलबाळ नव्हतं, बोलण्यासारखं होतं ते बोलून झालं होतं. एका रविवारी जेवताना नेवेन्का म्हणाली, आपण वेगळं व्हावं का. मोमिर म्हणाला, मीठ दे. मग थोड्या वेळाने म्हणाला, होऊ या. फ्लॅट तिला, गाडी त्याला. मोमिरने पुलापलीकडे टायरच्या दुकानावरची एक खोली भाड्याने घेतली. माणसंही त्यांनी समजूतदारपणे वाटून घेतली: बटाटे आणि दारू मोमिरकडे, मध नेवेन्काकडे, अंड्यांच्या माणसाकडे कोंबड्या भरपूर असल्यामुळे तो दोघांना. इतका सभ्य घटस्फोट त्या शहरात आजवर कुणी पाहिला नव्हता, आणि लोकांना ते थोडं खटकतही होतं.

मग शनिवार आला. स्तोयांकाच्या ओट्यापाशी मोमिर डावीकडून आला, नेवेन्का उजवीकडून. दोघांच्या हातात एकेक रिकामी पिशवी.

स्तोयांकाने एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. डबा फडक्याखालून अर्धा बाहेर आला होता, तो तिने परत आत सरकवला.

“दोन पिशव्या कशाला?”

नेवेन्काने सांगितलं कशाला. स्तोयांकाने ऐकून घेतलं. तिला दुःख झालं असेल, पण ती आधी विक्रेती होती. मग तिने विचारलं की डबा कुठल्या घरचा.

नेवेन्का म्हणाली, माझ्या आईने ही ओळख दिली, डबा माझ्या रक्ताचा. मोमिर म्हणाला, लग्नापासून एकही शनिवार न चुकवता डबा मी वाहिला, पायरीवर बर्फ असतानाही. नेवेन्का म्हणाली, वाहिलास, पण तुला कायमाक आणि खिडकीच्या काचेची पुट्टी यातला फरक कळत नाही. हे मंडईत, चार लोकांत. शेजारच्या ओट्यावरच्या बायकांनी वजनं करायची थांबवली.

“मावशी, तुम्हीच सांगा,” मोमिर म्हणाला.

“मी कशाला सांगू लेका? घर कुठलं ते तुमची स्लावा सांगेल. यंदा जिथे होईल, ते घर. तोवर डबा माझ्याकडे. आणि कुठेच नाही झाली, तर रांगेत पुढे आहेच कोणी तरी.”

स्लावा म्हणजे घराण्याच्या संताचा दिवस. चुरचिच घराण्याचा संत दिमित्रिये नोव्हेंबरात येतो, आणि अजून सप्टेंबर चालू होता. तेव्हापासून तो डबा दर शनिवारी डोंगर उतरायचा, मोमिरला दिसायचा आणि संध्याकाळी परत डोंगर चढायचा.

मोमिरने दुसरीकडे हात मारून पाहिला नाही असं नाही. कायमाकवाल्यांच्या ओळीत तो पुढे गेला. प्रत्येकीने त्याला सुरीच्या टोकावर चव दिली, कारण चव नाकारणं हे पाप. पण ‘अर्धा किलो द्या’ म्हटल्यावर प्रत्येकीने सुरी पुसली. तू स्तोयांकाचा, असं त्या म्हणाल्या. एकीने तर आवाज खाली आणून, विवाहित पुरुषाला समजवावं तसं त्याला समजावलं. आपण तीन ओटे ओलांडून इथे का आलो हे मोमिरला नीट सांगता येईना, आणि मोकळा झालो आहे असं म्हणायची लाज वाटली.

शेवटी तो सुपरमार्केटमध्ये गेला, आणि या खेपेला हवा खायला नाही. कायमाकाचा प्लास्टिकचा डबा हातात घेऊन तो रांगेत उभा राहिला. काउंटरवरची मुलगी त्याच्याच हाताखाली गाडी शिकलेली. तिने डबा उचलला, मोमिरकडे पाहिलं, डबा खाली ठेवला.

“सर, घरी कुणी आजारी आहे का?”

मोमिर हो म्हणाला. नाही म्हटलं असतं तर जास्त समजावून सांगावं लागलं असतं. मुलीने डबा कागदात गुंडाळून दिला, म्हणजे रस्त्यात कुणाला दिसायला नको. खोलीवर येऊन त्याने चव घेतली. वाईट म्हणावं असं त्यात काही नव्हतं. काहीही म्हणावं असंच त्यात काही नव्हतं. आणि तो डबा विकताना ‘आज तोंड का उतरलंय’ असं कुणी विचारलं नव्हतं. स्तोयांका दर शनिवारी विचारायची, आणि उत्तर ऐकायला डबा हातात धरून थांबायची. टायरच्या दुकानावर राहायला आल्यापासून मोमिरला तसं विचारणारं कुणी उरलं नव्हतं. त्याला डबा हवा होता तो यासाठी. पण हे मंडईत सांगण्यासारखं कारण नव्हतं, म्हणून तो बर्फाच्या पायऱ्यांचंच सांगत राहिला.

मध्यंतरी कोर्टाची तारीख आली. न्यायाधीशबाईंनी फ्लॅट आणि गाडी दोन मिनिटांत उरकली आणि सवयीने विचारलं की आणखी काही वाद आहे का. मोमिर म्हणाला, एक डबा आहे. बाई कंटाळून लिहू लागल्या. स्तोयांकाचा, असं नेवेन्का म्हणाली, तशी त्यांनी पेन खाली ठेवलं.

“कुठल्या स्तोयांकाचा? नळाजवळच्या?”

“तिच्याच.”

बाई उठून खिडकीपाशी गेल्या आणि परत आल्या. त्या सचोटीच्या होत्या, त्यामुळे त्यांनी लगेच सांगून टाकलं की या बाबतीत आपला स्वार्थ आहे, तशी नोंद व्हावी. या शहरात बदली होऊन आल्यापासून त्या स्तोयांकाच्या रांगेत होत्या. रांगेत पुढची व्यक्ती म्हणजे त्याच. कुणी मरावं अशी इच्छा त्यांनी कधीही धरली नाही, असंही त्यांनी कुणी न विचारता सांगितलं.

मग कायद्याचा प्रश्न आला. घर मोडलेलं असलं तरच लग्न मोडता येतं. तुमचं घर एक की दोन, असं त्यांनी विचारलं. दोन, असं दोघं एका सुरात म्हणाले. लग्नानंतर बहुधा प्रथमच.

“हे स्तोयांकाला मान्य आहे?”

“ती स्लावापर्यंत थांबणार आहे,” नेवेन्का म्हणाली.

“मग कोर्टही थांबेल,” बाई म्हणाल्या आणि पुढची तारीख दिली.

स्लावा बापाकडून मुलाकडे जाते, त्यामुळे संताची तसबीर आणि मेणबत्ती मोमिर घेऊन गेला होता. फ्लॅटच्या भिंतीवर तिच्या जागी फिकट चौकोन उरला होता. पण टेबल, खुर्च्या, सूपचं पातेलं आणि पाहुण्यांच्या पायांना पडलेली सवय, हे सगळं नेवेन्काकडे. मोमिरची अडचण वेगळी होती. स्लावाला पापुद्र्यांची चीज घातलेली पोळी लागते, पोळीला कायमाक लागतो, कायमाकाला घर लागतं आणि घराला स्लावा लागते. पोळीपुरता एक वाडगा उसना द्या, असं त्याने स्तोयांकाला विनवलं. आधी घर ठरू दे, ती म्हणाली. शेवटी त्याने सुपरमार्केटचा उरलेला डबा पोळीत घातला आणि खिडकी उघडी ठेवली.

स्लावाला आमंत्रण द्यायचं नसतं. ज्याला यायचं तो येतो. दुपारी सगळे नातेवाईक नेहमीप्रमाणे नेवेन्काकडे येऊन बसले. मोमिरचे चुलते विदोये यांनी पेला उचलला, भिंतीकडे पाहिलं आणि पेला खाली ठेवला. मेणबत्तीशिवाय पेला उचलता येत नाही. म्हणून सगळे उठून पूल ओलांडून मोमिरकडे गेले. तिथे मेणबत्ती होती, उकडलेला गोड गहू होता, पण खुर्ची एकच होती. निम्मे पाहुणे जिन्यावर उभे राहिले, दोघंतिघं टायरच्या चळतीवर बसले. सगळ्यांनी क्रुसाची खूण केली, चमचाभर गहू खाल्ला, पोळी पाहिली आणि तिच्याबद्दल एक शब्दही काढला नाही. निंदा केली असती तर मोमिरला बरं वाटलं असतं.

मग सूप प्यायला सगळे परत पुलापलीकडे. सूप झाल्यावर संताच्या नावाने प्यायचं असतं, त्यासाठी परत इकडे. मग मटण तिकडे. दिवसभर काळ्या कोटांची ती वरात पुलावरून ये-जा करत राहिली. विदोयेकाका तिसऱ्या फेरीत म्हणाले की एवढं चालून तब्येत सुधारायला लागली आहे, हे स्लावाच्या दिवशी बरं दिसत नाही. टायरवाला दुकानातून बाहेर येऊन रस्त्यावरच्या गाड्या थांबवू लागला.

या वरातीत काळा रुमाल बांधलेली स्तोयांकाही होती. ती नेवेन्काकडे जेवली, मोमिरकडे क्रुसाची खूण करून गेली आणि पूल दोन्ही बाजूंनी अशा चालीने चालली, जणू तिला तो विकत घ्यायचा होता. मोमिरने अपेक्षेने पाहिलं. शनिवारी, एवढंच ती म्हणाली.

संध्याकाळी सगळे गेल्यावर नेवेन्का आली. पाहुण्याने म्हणायचं ते म्हणाली, ‘तुमच्या घरची स्लावा सुखाची होवो,’ आणि त्या एकुलत्या खुर्चीवर बसली. मोमिरने तिच्यापुढे पोळी ठेवली. तिने एक घास घेतला.

“हे काय घातलंस यात?”

“सुपरमार्केटचं.”

तिने तो तुकडा सगळा खाल्ला, मग बोटाने ताटलीतले पापुद्रे टिपून तेही खाल्ले. मोमिर कॉटवर बसून ते पाहत राहिला.

“आज तोंड का उतरलंय तुझं?” तिने विचारलं. आणि उत्तरासाठी ती थांबली.

शनिवारी मंडईत गर्दी नेहमीपेक्षा जास्त होती आणि कुणालाच काही विकत घ्यायचं नव्हतं. मोमिर आणि नेवेन्का ओट्यापाशी उभे राहिले. त्यांच्या मागे, दोन माणसं सोडून, न्यायाधीशबाई होत्या. त्यांच्या हातात नवी कोरी पिशवी होती.

“मी चालून बघितलं,” स्तोयांका म्हणाली. “घर एकच आहे. देवघर आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये पूल आलाय, एवढंच. माझ्या सासरी गोठा आणि घर यांच्यामध्ये ओढा होता. त्याला कुणी दोन घरं म्हटलं नाही.” तिने डबा ओट्यावर ठेवला, पण त्यावरचा हात काढला नाही. “पण मी म्हणून काय उपयोग. तुम्ही म्हणा. एक की दोन?”

मागे नवी पिशवी सळसळली. कोर्टात शपथेवर दोन सांगितलेलं होतं, आणि ज्यांना सांगितलं त्या ऐकत होत्या. एक म्हटलं तर लग्न राहतं. दोन म्हटलं तर डबा जातो, तोही त्यांच्याच पिशवीत. मोमिरने नेवेन्काकडे पाहिलं. ती डब्याकडे पाहत होती.

“एक,” नेवेन्का म्हणाली.

“एक,” मोमिर म्हणाला, जरा घाईनेच.

स्तोयांकाने हात काढला. न्यायाधीशबाईंनी पिशवीची नीट घडी केली.

“शनिवारी मी न्यायाधीश नसते,” त्या म्हणाल्या. “पण बहिरीही नसते.”

सोमवारी त्यांनी अर्ज फेटाळला. निकाल मुद्देसूद होता आणि त्यात कडवटपणाचा लवलेश नव्हता. घर अस्तित्वात असल्याचं पक्षकारांनी सार्वजनिक ठिकाणी, योग्य त्या अधिकारी व्यक्तीसमोर मान्य केलं आहे, असं त्यात म्हटलं होतं. अपील करता आलं असतं, पण वरचं कोर्ट शेजारच्या शहरात आहे, आणि तिथला कायमाक पातळ असतो; अशा लोकांकडून काय न्याय मिळणार, यावर दोघांचं एकमत झालं.

मोमिर अजून टायरच्या दुकानावर राहतो. शनिवारी तो डबा घेऊन पूल ओलांडतो, नेवेन्का सुरीने मधोमध रेघ मारते आणि रेघ मध्यावर आहे की नाही यावरून त्यांचं दुपारपर्यंत भांडण चालतं. आधीच्या संसारात दोघं इतकं कधी बोलले नव्हते. न्यायाधीशबाई अजून रांगेत पहिल्या आहेत. रस्त्यात भेटल्या की त्या दोघांच्याही तब्येतीची अगदी मनापासून चौकशी करतात, आणि दोघांनाही उत्तम आहे असं सांगावं लागतं.