तिसऱ्या दिवशी रुळतात

मुलांच्या वसतिगृहावर एकतीस वर्षं रेक्टर म्हणून काढल्यावर माणूस निवृत्त होतो, त्याच्यातला रेक्टर होत नाही. सुंभ जळतो, पीळ राहतो. आपले रेक्टरसाहेब सकाळी सहाला उठून स्वतःच्याच तीन खोल्यांची फेरी मारत आणि कुठे काही वावगं सापडलं नाही तर दिवसभर घुश्शात असत. त्यांचा एक सिद्धान्त होता, तो कुणी विचारला नाही तरी ते सांगत. नवं मूल पहिल्या दिवशी रडतं, दुसऱ्या दिवशी कुढतं, तिसऱ्या दिवशी गप्प होतं. गप्प झालं की समजायचं, रुळलं.

त्यांच्या बायकोला घरात काहीतरी जिवंत हवं होतं. "मी आहे की," असं साहेब म्हणत आणि त्यावर ती काही बोलत नसे. शेवटी तिने परस्पर, लोकांनी टाकून दिलेले पाळीव प्राणी सांभाळणाऱ्या एका संस्थेत नाव नोंदवलं, तीन महिने वाट पाहिली आणि एक दिवस दोन गिनीपिग घेऊन घरी आली. सख्ख्या बहिणी. तपकिरी गोल ती ढब्बी आणि डोक्यावर केसांचा भोवरा असलेली पांढरी ती चिंगी. संस्थेच्या बाईंची एकच अट होती. पाचव्या दिवशी त्या येऊन वजन करणार, आणि ते घटलेलं दिसलं तर दोघी परत.

नेमकं दुसऱ्याच दिवशी बायकोला बहिणीच्या ऑपरेशनसाठी जावं लागलं. जाताना तिने फ्रिजवर चिठ्ठी लावली: दोघींना एकत्रच ठेवा. लपायला खोका असू द्या. वाळलेलं गवत कायम भरलेलं हवं. उगाच हात लावू नका.

साहेबांनी चिठ्ठी वाचली आणि ते गालातल्या गालात हसले. असल्या चिठ्ठ्या दरवर्षी शे-सव्वाशे आया त्यांच्या हातात कोंबत. त्या ठेवायला त्यांच्या टेबलाला खास खण होता, आणि तो खण उघडत नसे.

त्यांनी आधी दोघींची फारकत केली. ओळखीची पोरं एका खोलीत दिली की नुसती खुसपुस चालते, अभ्यास होत नाही, हा त्यांचा अनुभव. गिनीपिगला कसला अभ्यास असतो, हा प्रश्न त्यांना पडला नाही. ढब्बी बैठकीच्या खोलीत राहिली, चिंगीची रवानगी वॉशिंग मशीनशेजारी झाली. मग खोके गेले, कारण लपायची सोय केली की लपण्यासारखे उद्योगही सुरू होतात. गवत सकाळ-संध्याकाळ, घड्याळ लावून. आणि रोज सहाच्या ठोक्याला पिंजऱ्यात टॉर्च मारून हजेरी.

पहिल्या दिवशी दोघी भिंतीच्या दोन बाजूंनी एकमेकींना शिट्टीसारख्या हाका मारत राहिल्या. दुसऱ्या दिवशी मधूनमधून. तिसऱ्या दिवशी चिडीचूप. साहेबांनी ताबडतोब बायकोला फोन लावला.

"अगं, रुळल्या!"

"शिट्ट्या मारतात का?"

"चकार शब्द नाही!"

पाचव्या दिवशी सकाळी बायको परतली, ती जिन्यात भेटलेल्या संस्थेच्या बाईंना घेऊनच. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर वाडगा ठेवून बाईंनी एकेकीला त्यात बसवलं. ढब्बी सत्तर ग्रॅमने उतरली होती, चिंगी नव्वदने.

"ही इतकी गप्प का?" बाईंनी विचारलं.

"शिस्त लागलीय," साहेब छाती फुगवून म्हणाले.

"अहो, गप्प बसलेला गिनीपिग बहुतेक वेळा घाबरलेला असतो. खुशीत असला की घर डोक्यावर घेतो." बाईंनी आपली टोपली उघडली.

इतका वेळ मुकाट उभी असलेली बायको पुढे झाली आणि तिने टोपलीच्या झाकणावर हात ठेवला. "चार दिवस द्या. मागच्या खोलीत ठेवते. हे तिथे पाऊल टाकणार नाहीत."

"अगं, पण तिसऱ्या दिवशी..."

"मीही तिसऱ्याच दिवशी गप्प झाले होते," ती म्हणाली. "तुमच्या आई सगळ्यांना सांगत सुटल्या होत्या, सून रुळली म्हणून."

साहेबांना कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. लाज वाटली, आणि परक्या बाईसमोर लाज वाटली याचा रागही आला. बाईंनी टोपली बंद केली.

चार दिवस ते एकटे जेवले. मागच्या खोलीत दोघी बहिणी एका पिंजऱ्यात होत्या, एकच खोका होता आणि फरशीवर बसकण मारलेली बायको. दुसऱ्या दिवशी एक बारीक शिट्टी ऐकू आली. तिसऱ्या दिवशी दोन. चौथ्या दिवशी बाई आल्या, वजन भरून आलेलं पाहून कागदावर सही केली आणि दोघी कायमच्या या घरच्या झाल्या.

बंदी उठली होती. साहेबांनी दोघींसाठी म्हणून जन्मात पहिल्यांदा ढोबळी मिरची चिरली, तुकडे बशीत नीट रांगेत लावले आणि मागच्या खोलीकडे निघाले. आतून शिट्ट्यांचा नुसता गोंगाट येत होता. त्यावर बायकोचा आवाज. शाळेत असताना ती झाडावर चढून कशी अडकली, खाली वर्गाच्या बाई उभ्या, वर ही, असलं काहीतरी ती त्या दोघींना रंगवून सांगत होती आणि मध्येच खो-खो हसत होती. चाळीस वर्षांच्या संसारात ही गोष्ट साहेबांनी ऐकली नव्हती. पुढे काय झालं, हे त्यांना मनापासून ऐकायचं होतं.

त्यांनी दार ढकललं. तिघीही गप्प झाल्या.