गिरिजाबाईंची पहिली फाईल

पुंजाराम मास्तरांनी आष्टीत तीस वर्षं लोकांचे अर्ज टाइप केले. फॉर्ममधली चौकट रिकामी सोडायची नाही, हा त्यांचा नियम. त्या नियमानंच २००४ साली त्यांचा घात केला. थोडा दोष माझाही, कारण मी गावात कॉम्प्युटर क्लास चालवायचो आणि जुना कॉम्प्युटर त्यांच्या गळ्यात मीच मारला होता.

टाइपरायटरचं काम संपल्यावर मास्तरांनी नवा उद्योग काढला. बायकोनं, म्हणजे गिरिजाबाईंनी, आपलं आयुष्य सांगायचं आणि यांनी ते वर्डमध्ये टाइप करायचं. अकरा फायली झाल्या. बाई अबोल, त्यांना एवढं कुणी कधी विचारलंच नव्हतं.

एका सकाळी मास्तर घाबरेघुबरे होऊन क्लासात आले. "वसंता, बाईचं सगळं गेलं रे!"

घरी जाऊन बघतो तर कुठलीही फाईल उघडा, नुसते चौकोन आणि परकी चिन्हं. काय केलं विचारलं, तर म्हणाले, "उंदराचं उजवं बटन दबलं. कशात उघडू म्हणून यादी आली. नोटपॅड दिसलं. म्हनलं, गोष्ट वहीतच बरी. खाली चौकट रिकामी होती, खूण केली."

ती चौकट म्हणत होती, असल्या सगळ्या फायली यापुढं यातच उघडायच्या. मी समजावलं, "मास्तर, कॉम्प्युटर आतला मजकूर वाचत नाही. नावाच्या शेपटीची तीन अक्षरं बघतो आणि ठरवतो कुणाकडं धाडायचं. पोस्टमन पत्ता बघतो तसं."

"आतलं न वाचताच?"

"न वाचताच."

"मंग हे तर साहेबलोकासारखंच झालं."

मी वर्ड निवडलं आणि पुन्हा त्याच चौकटीत खूण करायला सांगितलं. मास्तरांनी दोनदा विचारून खूण केली. जिनं मारलं तीच तारते कशी, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. पण दहा फायली धडधाकट परत आल्या. पहिली मात्र कोरी.

मास्तर खाली बघून म्हणाले, "तिच्यातला कचरा मी दोन दिवस बसून पुसला. खालून मराठी निघंल वाटलं. निघालं न्हाई. मंग सेव्ह केलं."

मला हसू आलं आणि लगेच स्वतःचाच राग आला. त्या फाईलची दुसरी प्रत कुठंच नव्हती.

मेथी निवडत बसलेल्या गिरिजाबाई म्हणाल्या, "त्यात काय? परत सांगते. लिवा. लगीन होऊन आल्ते तवा मला हितं बिलकुल करमत नव्हतं."

मास्तरांची बोटं थांबली. "अगं, मागं तर म्हनलीस, पहिल्याच दिवशी घर आवडलं!"

"तवा तुमी पहिल्यांदाच काई विचारून राह्यले होते. तुमाला वाईट कशाला वाटू देऊ?"

मास्तर माझ्याकडं बघू लागले, जसं काही हेही मीच दुरुस्त करणार होतो. मी खिडकीबाहेर बघितलं.

"एकदा पळून चालले होते. तीर्थपुरीच्या गाडीत बसले बी."

"मंग?" मास्तरांनी विचारलं.

"मंग उतरले. का उतरले ते मलाबी आजून समजलं न्हाई."

लोकांच्या अर्जातली वाक्यं मास्तर न विचारता सुधारायचे. हे वाक्य त्यांनी बाई बोलल्या तसंच टाइप केलं, एक अक्षर न बदलता.